नकाशातली हिरवी पट्टी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. भैरवनाथापुढे हात जोडून उभा असताना हा विषय मनात आला, की मी डोळे उघडायचो आणि घंटेकडे बघत राहायचो. सहा वर्षं. एखादी गोष्ट इतकी वर्षं गिळून ठेवली की ती पचून जाते, असं कुठंतरी वाटत होतं. पचत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं धरून बसलो होतो — आणि या चार ओळी लिहायलाच सकाळ गेली.

दाजींना जाऊन आज चोवीस दिवस झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. मी त्यांच्याच गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. आता वाचनालयात बसतो आणि देवळाच्या भिंतीवरचा फळा लिहितो — अक्षर बरं आहे म्हणून. दाजींनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मास्तर. फार प्रेम आलं की, "मास्तर, पुस्तक मिटा, न्हाईतर डोळं पानाला चिकटतील."

त्यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या भैरवनाथाच्या दागिन्यांची एक पेटी आहे. चांदीचा मुखवटा, सोन्याच्या पुतळ्यांची माळ, नवसाचे चांदीचे डोळे. त्या पेटीची चावी दाजींच्या करदोड्याला असायची. चैत्रात यात्रेच्या आदल्या सकाळी ते पेटी उघडत, माळ रिठ्याच्या पाण्यात धूत आणि एकेक पुतळी पुसताना मोठ्यानं मोजत, म्हणजे पाराखाली बसलेल्यालाही आकडा ऐकू जावा. इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण घरी येताना कधी एक नट खिशात आला नाही, असं गाव त्यांच्याबद्दल सांगायचं. त्यांना स्वतःला दुसरा कुठला मोठेपणा नको होता. ती चावी हाच त्यांचा मोठेपणा.

आता यंत्राचं सांगतो. आणि इथं मला थोडं सावरून घ्यावं लागतं — कारण माणूस जाऊन महिनासुद्धा झालेला नाही, आणि त्या यंत्राचं लिहायला घेतलं की माझी छाती आजही धडधडायला लागते. आनंदानं. असं कुणाचं होतं का?

दाजी निवृत्त झाले तेव्हा जावयानं पुण्याहून मेटल डिटेक्टर पाठवला. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर छोटासा पडदा, कानाला लावायला हेडफोन. आक्का म्हणाली, "आता म्हातारपनी भुईला कान लावून हिंडनार व्हय?" दाजींनी यंत्र सुटं केलं, पुसलं, परत जोडलं, आणि मग गोठ्यासमोर फिरवायला सुरुवात केली. खिळा. खिळा. बैलाच्या पायातली नाल. सोड्याच्या बाटलीचं बूच. आणि मग एक वेगळाच आवाज — गुळगुळीत, गोल, जणू कुणी लांबून शीळ घालतंय. दाजींनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. खुरप्यानं चार बोटं माती काढली, तर आक्काची कुडी! अकरा वर्षांपूर्वी हरवलेली. तिच्या पायी त्या वेळी जाऊबाईवर चोरीचा आळ घेऊन तिनं कायमचा अबोला धरला होता.

"मास्तर," दाजी माझा दंड धरून म्हणाले, "सोनं बोलतं हो!"

आक्का कुडी पदरानं पुसत होती. "आधी तिला सांगून येते," म्हणाली आणि चप्पल न घालताच जाऊबाईच्या घराकडे निघाली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं कामातून गेलो.

मी असा माणूस नव्हतो. मी जे काही शोधलं, ते आयुष्यभर पानांत शोधलं. आणि आता रोज पहाटे पाचला जाग यायची — आज काय लागेल? भुईखाली काय असेल? दहा वर्षांचा असताना परगावी जायच्या दिवशी जाग यायची, तशी. दाजींना यंत्र कळायचं, मला बाकीचं. कारण त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "मास्तर, हे चालतं का पन? उगा कायद्यात अडकायचं न्हाई आपल्याला. कुठं चालतं, कुठं न्हाई, तुमी वाचून सांगा. तुमी सांगाल तितंच यंत्र लावनार मी."

तुमी सांगाल तितंच. हे वाक्य लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

मी झपाटल्यासारखा वाचू लागलो. तहसील कचेरीत गेलो. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सोनं शोधायची परवानगी? सर, सापडलं की आम्हाला विसरू नका हां." सगळी कचेरी हसली. मी हसलो नाही, टिपणं काढत राहिलो. जे हाती लागलं ते असं — आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा, खडकात सोनं नाही. समजा कुठं निघालंच, तरी खनिज सरकारचं, त्याला रीतसर परवाना लागतो आणि तो हौशी माणसाला कोण देणार? नदीचं पात्र सरकारचं. किल्ले, जुनी देवळं, लेणी, संरक्षित जागा — तिथं यंत्र लावून माती उकरणं म्हणजे गुन्हा. दुसऱ्याचं शेत असेल, तर त्याला विचारून, तेही लेखी. आपल्या स्वतःच्या शेतात फिरवा. पण तिथंही जमिनीत दडलेलं काही मोलाचं हाती लागलं, तर इंग्रजांच्या वेळचा एक कायदा अजून जिवंत आहे — कलेक्टरला कळवायचं. ठेवून घ्यायचं नाही.

एवढं सगळं मी दाजींना समजावून सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "म्हंजी मुभा लई थोडी हाय. पन हाय ना? मग नकाशाच काढा."

मी नकाशा काढला. शाळेत काढायचो तसा, ड्रॉइंग पेपरवर, गावाची शीव, नदी, रस्ते, ओढे. तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. लाल म्हणजे नाही. पिवळा म्हणजे विचारून. हिरवा म्हणजे खुशाल. लाल रंग झरझर पसरला. पिवळा कुठं कुठं. हिरवं एकच — दाजींचं शेत, नदीच्या वरच्या अंगाला. तो कागद दाजींनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. काय त्यांचा अभिमान! चहाच्या टपरीवर कागद उलगडून दाखवायचे, "आमच्या मास्तरनं काढलाय. कायद्याचा नकाशा. असा तहसीलदाराकडं बी नसंल."

आता जवळ आलोय. तरी अजून थोडं सांगायचं राहिलंय.

दाजींच्या शेताला लागून पांढर आहे. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. शेकडो वर्षांपूर्वी तिथं गाव होतं, ते उठलं, आणि भिंतींची, चुलींची, राखेची मिळून पांढुरकी माती राहिली. आमच्याकडं धाब्याच्या घरांवर पसरायला लोक ती माती न्यायचे. पावसाळा संपला की तिथं खापरं वर येतात, कधी काचेचे मणी, कधी बांगडीचे तुकडे. पुढं सरकारनं ती जागा संरक्षित केली आणि निळा फलक लावला. नकाशात ती लालभडक. तिच्यात आणि दाजींच्या शेतात एक बांध आहे — बोरी-बाभळीचा, चांगला रुंद, बघताच पटावा असा बांध.

पण बांध म्हणजे काय, हे तुम्ही खेड्यातले असाल तर तुम्हाला माहीत असेल. बांध कोरतात. दर नांगरणीला वीतभर आत. शेजारी जागरूक असला तर भांडण होतं, डोकी फुटतात. शेजारी पांढर असली तर कोण भांडणार? मेलेली माणसं? दाजींच्या आज्यानं कोरला असेल, पणज्यानं कोरला असेल. दाजींना याची गंधवार्ता नव्हती. ते जन्मले तेव्हा बांध तिथंच होता. त्यांच्या लेखी तीच हद्द.

मला माहीत होतं.

नकाशा नीट व्हावा म्हणून मी मोजणी कचेरीतून त्या गटाचा जुना नकाशा बघून आलो होतो. हद्दीची रेघ आणि आजचा बांध यांच्यात सतरा पावलांचं अंतर होतं. बांधाच्या अलीकडची ती सतरा पावलं रुंद पट्टी — जिथं दाजी दरसाल हरभरा करत होते — कागदावर पांढरीत होती. संरक्षित. लाल. मी ते तीनदा ताडून पाहिलं. घरी आलो. हिरवी पेन्सिल घेतली, टोक केलं, शेत रंगवत रेघेपाशी आलो.

आणि थांबलो नाही. बांधापर्यंत हिरवं केलं.

झालं लिहून. सहा वर्षं जे ओठावर आलं नाही, ते एवढंच होतं? एवढंच नव्हतं, पुढं आणखी आहे. पण सुरुवात ही होती — एक पेन्सिल आणि सतरा पावलं. का केलं? कारण नकाशा पुरा होईपर्यंत बाकीच्या शेतात आम्ही महिनाभर फिरलो होतो आणि नाल-खिळ्यांशिवाय काही लागलं नव्हतं. कारण पांढरीच्या कडेला माती पांढुरकी होत जाते आणि मला ती दिसत होती. कारण एकदा सोन्याचा आवाज कानात गेला होता. दाजींच्या पूर्वजांचा कमीपणा त्यांना कळू नये म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढं स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे. मला ती पट्टी हवी होती.

दाजींनी सरळ विचारलंही होतं. कागदावर बोट ठेवून. "बांधापत्तुर आपलंच ना, मास्तर?"

"बांधापर्यंत आपलंच."

हरभरा निघाला त्याच आठवड्यात आम्ही पट्टीत उतरलो. ती सकाळ मी कशी सांगू? गार वारा, नदीवरून धुकं उठतंय, मोकळी झालेली भुई. दाजी दोऱ्यात चालल्यासारखे सरळ पट्टे मारत होते आणि मी मागं खुरपं घेऊन. तांब्याचे दोन शिवराई पैसे निघाले पहिल्या तासात! दाजी पोरासारखे उड्या मारायचे बाकी राहिले होते. मग शीळ. तोच आवाज — गोल, गुळगुळीत. आम्ही दोघांनी एकदमच खाली बसकण मारली. ढोपरभर खणलं. माती चाळली. परत चाळली. आणि दाजींच्या तळहातावर, चिखलाच्या गोळीतून, मसुराच्या डाळीएवढा पिवळा मणी.

सोनं काळं पडत नाही, गंजत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण ते कळलं त्या दिवशी. किती शतकं पडून होता कोण जाणे, आणि आज ओवावा असा ताजा! कुणाच्या गळ्यातला? कधी तुटली असेल माळ? मी रडलो. खरंच. दाजी माझ्या पाठीवर थापट्या मारत होते, "आवं मास्तर! आवं मास्तर!" असं नुसतंच म्हणत होते.

मग ते शांत झाले. मणी तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि म्हणाले, "चला. कपडं बदलून तहसीलला जाऊ. कळवायला पायजे ना?"

तेव्हासुद्धा वेळ होती. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "एक आठवडा थांबू. एकच मणी असणार नाही. माळ असेल. पुरती काढू आणि मगच नेऊ."

दाजींनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हनता तर थांबू."

चौथ्या दिवशी सकाळी पकडले गेलो. पकडले गेले, असं लिहायला हवं — दाजी. पांढरीची देखरेख करणारे एक अधिकारी अचानक आले होते, बरोबर तलाठी आणि कोतवाल. मी शेताच्या अलीकडच्या टोकाला आंब्याखाली चहाचा थर्मास उघडत होतो. दाजी पट्टीत, गुडघ्यावर, समोर खड्डा. अधिकाऱ्यांनी आपल्या हातातला सरकारी नकाशा बघितला, टेप धरायला लावला, आणि दाजींना म्हणाले, "तुम्ही संरक्षित जागेत खणताय. कुणी सांगितलं तुम्हाला इथं खणायला?"

मी तोवर तिथं पोचलो होतो. कोतवालानं मला बघितलं आणि अदबीनं सरकून जागा दिली — मी त्याला शिकवलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. निवृत्त शिक्षक. वाचनालयवाले सर. आणि माझ्या तोंडून वाक्य आलं. स्वच्छ, शुद्ध, एका दमात.

"मी यांना आधीच सांगितलं होतं, पांढरीत यंत्र लावायचं नाही म्हणून."

हे वाक्य खरं होतं, हीच त्याची घाण. महिन्यापूर्वी, नकाशा समजावताना, मी अगदी हेच सांगितलं होतं.

दाजींचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मी बघत होतो. खिशात माझा नकाशा होता, माझ्या अक्षरातला, माझ्या हिरव्या रंगातला. हात खिशाच्या तोंडापाशी गेला, तिथं क्षणभर राहिला आणि रिकामा खाली आला.

"व्हय सायेब," दाजी म्हणाले. "मास्तर म्हनले हुते. माझीच चूक झाली."

डबी त्यांनी स्वतःहून काढून दिली. पंचनामा झाला, यंत्र जप्त झालं. वय बघून, मणी आपण होऊन दिला म्हणून, लेखी माफीवर आणि तंबीवर भागलं. कायद्याच्या बाजूनं प्रकरण तिथं संपलं. गावाच्या बाजूनं तिथून सुरू झालं.

गाव काय म्हणतं? गुप्तधन. लिंबू कापले म्हणे. अमावास्येला खणत होते म्हणे — आम्ही तर उन्हात खणत होतो! एक मणी दिला, हंडा ठेवला. टपरीवर कुणीतरी हाक मारायचं, "काय दाजी, करा आता सोन्याचं गाळप!" आणि हशा. दाजी हसायचे, चहा प्यायचे, उठायचे. नकाशा पुन्हा कधी टपरीवर उलगडला गेला नाही.

मग देवळात बैठक बसली. पंचांतले थोरले नाना, चांगला माणूस, त्यांना बोलणं जड जात होतं. "दाजी, आमचा तुमच्यावर वहीम न्हाई. पन लोकांच्या तोंडाला कुलूप कोन घालनार? यात्रा तोंडावर आली. देवाचं सोनं हाय."

दाजींनी सदरा वर केला आणि करदोड्याची चावी सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, सुटेना. त्यांनी खिशातून छोटा पाना काढला, कडी उघडली, चावी काढली, आणि कडी वाकडी झाली होती ती परत गोल करून मगच चावी नानांपुढं ठेवली. फिटर होते ना.

नानांनी ती उचलून माझ्याकडे वळवली. "मास्तर, तुमी ठेवा. तुमी तर अडवत हुता त्यांना."

आणि मी हात पुढं केला.

विचार करा, घेतली मी. सहा वर्षं ती चावी माझ्या खुंटीला आहे. सहा चैत्र मी पेटी उघडली, रिठ्याच्या पाण्यात माळ धुतली आणि पुतळ्या मोठ्यानं मोजल्या. दाजी दर्शनाच्या रांगेत उभे असायचे, टोपी हातात घेऊन. एके वर्षी माझा आकडा चुकला, अडखळलो. रांगेतून हळूच आवाज आला, "एकोनीस, मास्तर." मी वीसपासून पुढं मोजू लागलो.

आणि ते रागावले नाहीत. रोज संध्याकाळी वाचनालयात यायचे, तसेच येत राहिले. पुस्तक मिटा, म्हणायचे. मी वाट बघायचो — आज विचारतील, आज नक्की विचारतील, मास्तर, तुमी असं का बोलला? त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. सहा वर्षं मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघितली. उत्तर तर माझ्याजवळच होतं.

मागच्या महिन्यात छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आत गेले. तोंडात सोनं घालायचं असतं. आक्कानं कानातली कुडी काढली — तीच, गोठ्यासमोरची — तिची फिरकी काढून त्यांच्या ओठांत ठेवली. म्हणाली, "त्यांनीच हुडकून दिली हुती." तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. बरं झालं. कारण त्या क्षणी, त्या प्रेतापाशी, माझ्या कानात शीळ वाजली. गोल, गुळगुळीत. आणि मला आनंद झाला, क्षणभर. हेही सांगून टाकतो.

तेरावं झाल्यावर आक्कानं मला बोलावून प्लॅस्टिकचं पाकीट दिलं. "सदऱ्याच्या खिशात असायचं, बापू. सदरा बदलला की हे बी नव्या खिशात. तुझं हाय."

मी नकाशा उलगडला. घड्यांवर फाटलेला, घामानं पिवळा पडलेला. लाल तसाच, पिवळा तसाच. पण पांढरीलगतची ती हिरवी पट्टी आता हिरवी नव्हती. तिच्यावर कुणीतरी कारखान्यातल्या जाड लाल पेन्सिलीनं दाबून दाबून रंग भरला होता, काठ पट्टी लावून सरळ. हिरव्यावर लाल बसून पट्टी रक्त वाळल्यासारखी काळपट झाली होती. शेजारी वेड्यावाकड्या आकड्यात — १७ पावलं.

म्हणजे ते मोजून आले होते. कधीतरी, एकटे.

"त्यांनीच रंगवलं," आक्का म्हणाली. "मोजनी कचेरीत जाऊन आल्ते. मला म्हनले, मास्तरची रेघ चुकलीया, नजर बी जरा कमी झालीया त्याची. पन त्याला सांगू नको. लई मनाला लावून घेतो त्यो."

ऐकलंत? माझी नजर चुकली, असं समजून ते गेले. मी अधिकाऱ्यांपुढं बोललो, तेही घाबरून बोललो असेन, असं त्यांनी माझ्या बाजूनं ठरवून टाकलं असणार. त्यांनी मला माफ केलं — जे मी केलंच नव्हतं, त्याबद्दल. जे केलं ते त्यांना माहीतच नव्हतं.

रेघ चुकली नव्हती. माझे डोळे उत्तम आहेत.

*

वरचं लिहून चार दिवस झाले. काल हे सगळं आक्काला वाचून दाखवलं. ती गहू पाखडत होती. मी हिरव्या पेन्सिलीपाशी आलो तेव्हा सूप थांबलं. संपलं तेव्हा ती उठून आत गेली. मी ओसरीवर बराच वेळ बसलो. ती बाहेर आली नाही. मी निघून आलो.

आज सकाळी चावी नानांच्या हातात दिली आणि देवळाचा फळा पुसला. त्यावर लिहिलं — "पांढरीची खरी हद्द दाजींना माहीत नव्हती. मला माहीत होती. बांधापर्यंत खणा, असं मीच सांगितलं. साहेबांपुढं मी सुटलो आणि त्यांना अडकवलं. दाजींनी देवाच्या चावीला कधी डाग लावला नाही." खाली नाव लिहिलं, पूर्ण.

हात झाडून वळलो तर मागं वेशीजवळची एक म्हातारी उभी होती, पूजेचं ताट घेऊन. तिला वाचता येत नाही. रोज सकाळी फळ्यावरचं ती माझ्याकडूनच ऐकते.

"काय लिवलंय आज, मास्तर? वाचून दावा की."

मी वाचून दाखवलं.